साहेबांना विचारून सांगतो

समन्वय बैठकीत सगळ्यात आधी हजेरीचा कागद फिरतो. नाव, हुद्दा, खातं, मोबाइल नंबर, सही. वाहतूक नियोजनाच्या कामात असताना मी विषयपत्रिकेच्या आधी हा कागद वाचायचो. आज काही ठरणार की नाही, ते त्यातच कळायचं. पत्र आयुक्तांच्या नावे गेलेलं असतं. आयुक्त ते शहर अभियंत्यांकडे पाठवतात, शहर अभियंता कार्यकारी अभियंत्याकडे, आणि शेवटी फाइल काखेत घेऊन येतो तो कनिष्ठ अभियंता. मुलगा हुशार असतो, जागा त्याला इंच न् इंच पाठ असते. फक्त ‘हो’ म्हणायचा अधिकार त्याला नसतो. त्यामुळे प्रत्येक मुद्द्यावर त्याचं एकच उत्तर: “साहेबांना विचारून सांगतो.” रेल्वेचा माणूस डिव्हिजनला विचारणार, वाहतूक शाखेचा निरीक्षक डीसीपींना, आरटीओचा माणूस ‘विषय प्राधिकरणापुढे ठेवतो’ म्हणणार. दोन तास जातात, चहा-बिस्किटं होतात, आणि इतिवृत्तात ओळ पडते: ‘संबंधित विभागांनी तातडीने कार्यवाही करावी.’ संबंधित म्हणजे कोण आणि तातडीने म्हणजे कधी, हे लिहायची पद्धत नाही.

माझी नोकरी मुंबई महानगर प्रदेशात गेली. सुरुवात सल्लागार कंपनीतर्फे चौकाचौकांत वाहनं मोजण्यापासून झाली आणि पुढे प्रादेशिक पातळीवरच्या प्रकल्पांच्या समन्वयाचं काम अंगावर आलं. हा प्रदेश आता सहा हजार चौरस किलोमीटरच्या वर पसरला आहे. त्यात मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी, मीरा-भाईंदर, वसई-विरार आणि पनवेल अशा नऊ महापालिका आहेत. अंबरनाथ-बदलापूरपासून अलिबाग-पालघरपर्यंतच्या नगरपरिषदा आहेत आणि शेकडो गावं आहेत. ही झाली फक्त स्थानिक स्वराज्य संस्थांची नावं.

बदलापूरहून अंधेरीच्या चकाल्याला नोकरीला जाणारा माणूस घ्या. घरापासून स्टेशनपर्यंतचा रस्ता नगरपरिषदेचा. त्यावरची रिक्षा परिवहन प्राधिकरणाच्या परवान्यावर चालते, भाडंही तेच ठरवतं. स्टेशनात पाऊल टाकलं की केंद्र सरकार सुरू. घाटकोपरला उतरून तो मेट्रो पकडतो; २०१४ मध्ये सुरू झालेली ही पहिली मेट्रो खासगी कंपनी आणि एमएमआरडीए यांच्या भागीदारीतली. चकाल्याला जिना उतरला की फुटपाथ मुंबई महापालिकेचा, सिग्नलवर नियंत्रण वाहतूक पोलिसांचं. आणि बस मिळालीच तर बेस्टची. त्याच्या लेखी हा एकच प्रवास आहे. घाटकोपरच्या पुलावर तो वीस मिनिटं अडकला तर ती वीस मिनिटं कोणाच्या खात्यावर टाकायची, याचं उत्तर एकाही कार्यालयात मिळत नाही.

हे जुळवण्यासाठीच प्रादेशिक संस्था असते. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे एमएमआरडीए, १९७४ च्या कायद्याने आणि २६ जानेवारी १९७५ पासून अस्तित्वात आलं, ते प्रदेशाचं नियोजन करायला आणि निरनिराळ्या संस्थांच्या कामांत मेळ घालायला. मग १९७७ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. तिथले भूखंड भाडेपट्ट्याने देऊन पैसा आला, आणि पैसा आला तसे पूल, रस्ते, स्कायवॉक, मोनोरेल, मेट्रो आले. ज्याने सगळ्यांच्या मध्ये बसून मेळ घालायचा, तोच क्रेन घेऊन रस्त्यावर उतरला. याला मी घोटाळा म्हणणार नाही; महापालिकांकडे पैसा नव्हता, कामं अडली होती आणि कोणीतरी ती करायला हवीच होती. पण त्या दिवसापासून बैठकीत आमच्या टेबलाकडे बघायची नजर बदलली. एका महापालिकेच्या शहर अभियंत्यांनी मला जेवणाच्या सुट्टीत सरळ ऐकवलं होतं: “बांधणार तुम्ही, फीत कापणार तुम्ही. गळायला लागलं की पत्र आम्हाला.”

ते कशाबद्दल बोलत होते, हे स्कायवॉकवर पावसाळ्यात चाललेल्या माणसाला सांगायला नको. २००८ मध्ये वांद्रे स्टेशनापासून कलानगरकडे पहिला स्कायवॉक झाला आणि मग उपनगरांत त्यांची रांगच लागली. कल्पना वाईट नव्हती. स्टेशनबाहेरची गर्दी रस्त्याच्या वर उचलून दूर नेऊन सोडायची. बांधणाऱ्याने बांधले आणि महापालिकांकडे हस्तांतर करायचे ठरले. लग्न थाटात लागलं, नांदवायला कोणी तयार नव्हतं.

अशाच एका स्कायवॉकच्या फाइलीत मी बरेच महिने अडकलो होतो. तक्रार साधी होती: दिवे लागत नाहीत, बायकांना संध्याकाळी वरून जायची भीती वाटते. मी जाऊन पाहिलं तर दिवे ठीक होते, वायरिंगही बहुतेक ठीक होतं. जिन्याखालच्या खोक्यातला मीटर बंद होता. वीजजोडणी बांधकामाच्या वेळची, तात्पुरती आणि ठेकेदाराच्या नावावर होती. ठेकेदाराचं काम संपलं, दोषदायित्व कालावधी संपला, त्याने बिल भरणं थांबवलं आणि वीज कंपनीने जोडणी तोडली. नवी जोडणी महापालिकेच्या नावे हवी, तर आधी हस्तांतराचं पत्र हवं. हस्तांतर हवं, तर आधी संयुक्त पाहणी हवी. संयुक्त पाहणीत महापालिकेच्या लोकांनी यादी काढली: इतक्या फरश्या फुटल्यात, छताचे इतके पत्रे उडालेत, गंज लागलाय, संरचनात्मक तपासणी करून द्या, दुरुस्ती करून द्या, मग ताब्यात घेतो. त्यांचं म्हणणं अजिबात गैर नव्हतं. पण दुरुस्तीचं अंदाजपत्रक मंजूर होऊन निविदा निघेपर्यंत आणखी एक पावसाळा गेला आणि यादी लांबली. या सगळ्यात चार दिवे लावायला जेवढा खर्च आला असता, त्याहून जास्त पेट्रोल पाहणीच्या गाड्यांनी जाळलं असेल.

त्यानंतर कोणत्याही नव्या कामाचा आराखडा टेबलावर आला की मी रंगीत चित्रं बाजूला ठेवून एकच गोष्ट विचारायचो: वीजमीटर पहिल्या दिवसापासून कोणाच्या नावावर असणार? खोलीत शांतता पसरायची. पुढेपुढे काही जणांना हा प्रश्न पाठ झाला होता आणि मी तोंड उघडण्याआधीच ते हसायचे. वांद्र्याचा तो पहिला स्कायवॉक पुढे धोकादायक ठरून पाडावा लागला आणि महापालिकेने तो नव्याने बांधायला घेतला.

रेल्वेशी व्यवहार हे तर स्वतंत्र शास्त्र आहे. रुळांवरून जाणारा पूल म्हटला की मधला तुकडा रेल्वे बांधणार आणि दोन्ही बाजूंचे उतार महापालिका किंवा राज्याचं महामंडळ. महापालिकेने पैसे रेल्वेकडे आगाऊ भरायचे. याला ‘डिपॉझिट वर्क’ म्हणतात. मग जीएडी, म्हणजे पुलाचा सर्वसाधारण आराखडा, रेल्वेच्या एकेका खात्याकडून मंजूर होत जातो: सिग्नलवाले, ओव्हरहेड वायरवाले, पूलवाले. गर्डर टाकायला ब्लॉक लागतो, आणि ब्लॉक म्हणजे लाखो लोकांच्या लोकल थांबवणं. तो मनात आलं की मिळत नाही. रेल्वेवर सगळे चिडतात. मीही चिडायचो. पण त्यांच्या कार्यालयात एक दिवस बसलं की कळतं, त्यांच्या मधल्या तुकड्यासाठी दरवाजाबाहेर एकाच वेळी किती महापालिका उभ्या असतात, आणि प्रत्येकीला आपलंच काम सगळ्यात आधी हवं असतं. क्रम लावायला कोणी नाही. प्रदेशाच्या पातळीवर बसून ‘या वर्षी हे तीन, ते दोन पुढच्या वर्षी’ असं सांगणारा आवाज असायला हवा होता. तिथे प्रत्येक आमदाराचं स्वतंत्र पत्र होतं.

अंधेरीच्या गोखले पुलाची गोष्ट तर वर्तमानपत्रांनी रोज छापली. जुलै २०१८ मध्ये त्याचा पादचारी भाग कोसळला, नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल बंद झाला, फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या पुलाची एक बाजू उघडली, आणि लोकांनी पाहिलं की शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल खालीच राहिलाय. रुळांवरच्या उंचीचा रेल्वेचा निकष वाढला होता, म्हणून नवा पूल वर गेला. जुन्या उड्डाणपुलाला ते कोणी सांगितलं नाही, असा विनोद तेव्हा फिरत होता. मग तज्ज्ञ आले, तुळया जॅकने उचलल्या, आणि जुलै २०२४ मध्ये दोन पूल जुळले. लोक हसले. माझ्या धंद्यातले कोणी हसले नसावेत, कारण प्रत्येकाच्या कपाटात अशी एखादी फाइल असतेच, तिचं नशीब इतकंच की ती वर्तमानपत्रात आली नाही.

जमलं असं काही नाही का? आहे. मध्य रेल्वेवरच्या एका स्टेशनबाहेरची गोष्ट सांगतो, स्टेशनचं नाव राहू दे. पूर्वेकडचा रस्ता कागदावर नऊ मीटर. संध्याकाळी सातला चालायला उरायचे जेमतेम दोन. एका बाजूला शेअर रिक्षांची रांग, दुसरीकडे फेरीवाले, मध्ये परिवहनची बस तोंड वळवायला जागा शोधतेय, आणि पुलावरून लोंढा उतरतोय. रिक्षा स्टँड साठ मीटर पुढे सरकवायचा, एवढाच प्रस्ताव होता. स्टँडची मंजुरी परिवहन प्राधिकरणाची. रस्ता महापालिकेचा. पार्किंगबंदीची अधिसूचना वाहतूक शाखेची. स्टँड जिथे न्यायचा, तिथली पट्टी निम्मी रेल्वेची. बैठका होत राहिल्या, इतिवृत्तं जाडजूड झाली.

ज्या माणसाचं सगळ्यात जास्त अडणार होतं, त्याला बैठकीला कधी बोलावलंच नव्हतं. रिक्षा युनियनचा तो स्थानिक पुढारी. विरोध करणार हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. वाहतूक शाखेच्या एका निरीक्षकाने, ज्याला खरं तर या प्रकरणात पडायची काही गरज नव्हती, त्या पुढाऱ्याला एका रात्री शेवटची गर्दी ओसरल्यावर जागेवर बोलावलं. महापालिकेचा तो कनिष्ठ अभियंता आला, मी गेलो. हातात फक्कीची पिशवी. प्रस्तावाप्रमाणे रांग मारून दाखवली तर पुढारी म्हणाला, “साहेब, हलवायला माझी ना नाही. पण रांगेचं तोंड तुम्ही तिकडे काढलंय आणि पॅसेंजर उतरतोय इकडे. तो साठ मीटर चालून पहिल्या रिक्षाकडे जाईल का? पुलाखाली जी दिसेल तिच्यात बसेल, की पुन्हा तिथेच गर्दी. तोंड पुलाकडे ठेवा, शेपूट कुठेही न्या.” महापालिकेच्या जुन्या प्रस्तावात हे कोणाला सुचलं नव्हतं. आम्ही फक्की पायाने पुसली आणि उलटी मारली.

पुढचं पटापट झालं. वाहतूक शाखेने ‘प्रायोगिक तत्त्वावर’ अधिसूचना काढली. सरकारी मराठीतले हे दोन शब्द फार गुणी आहेत; त्यांच्याआड कोणालाही कायमचा निर्णय घेतल्याचा दोष लागत नाही. बसचा थांबा मागे गेला. प्रादेशिक संस्थेने पेव्हर ब्लॉक, रेलिंग आणि पाट्यांचे पैसे द्यायचं कबूल केलं, मात्र एका अटीवर: महापालिकेने देखभाल घेतल्याचा ठराव आधी करून पाठवावा. पैसा समोर होता म्हणून ठराव वेळेत आला. रेल्वेच्या पट्टीचं पत्र अजून आलं नसेल. आम्ही ती पट्टी वगळूनच रांग बसवली. फेरीवाले महिनाभर गेले आणि परत आले. तरी संध्याकाळी सातला चालायला चार मीटर मिळू लागले, आणि माझ्या दृष्टीने ते पुष्कळ होतं.

यात प्रादेशिक संस्थेचं काम नेमकं किती? मोजणीचे आकडे, थोडा पैसा आणि एक अट. कुठल्याही बैठकीपेक्षा ती अट जास्त उपयोगी पडली, हे माझं ठाम मत आहे. आकड्यांवर फार विसंबू नये. २००८ मध्ये पूर्ण झालेल्या प्रदेशाच्या सर्वंकष वाहतूक अभ्यासात स्वच्छ दिसलं होतं की इथल्या निम्म्याहून जास्त फेऱ्या लोक पायी करतात, आणि वाहनाने होणाऱ्या प्रवासात लोकलचा वाटा सगळ्यात मोठा आहे. सादरीकरणात सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यानंतरच्या किती बैठकांत फुटपाथ हा पहिला विषय होता, ते मला आठवत नाही, कारण तसं कधी झालंच नाही.

माझा कॉलेजचा एक मित्र अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात, अशाच एका प्रादेशिक वाहतूक संस्थेत काम करतो. तिकडे नऊ काउंट्या, शंभरावर शहरं आणि वीसच्या वर सार्वजनिक वाहतूक संस्था आहेत, भांडणं आपल्यासारखीच. बार्ट ही तिथली रेल्वे आखली जात असताना सॅन मातेओ काउंटी ऐन वेळी बाहेर पडली, तेव्हा साठचं दशक नुकतं लागलं होतं. फरक पैशाच्या वाटेत आहे. पन्नास हजारांच्या वर वस्ती असलेल्या प्रत्येक नागरी क्षेत्राला तिकडे अशी नियोजन संस्था असावीच लागते. संस्थेच्या चार वर्षांच्या यादीत ज्या कामाचं नाव नाही, त्याला केंद्राच्या वाहतूक निधीतला डॉलर मिळत नाही. यादीही मनाला येईल तेवढी लांब करता येत नाही. जेवढा पैसा खरोखर येणार आहे, तेवढीच. १९९१ च्या कायद्याने या संस्थांचा हात आणखी बळकट केला. मतदान करतात ते महापौर आणि काउंटीचे निवडून आलेले सदस्य. मी मित्राला विचारलं, तुमच्या बैठकीला महापौर स्वतः येतात? तो म्हणाला, “न येऊन सांगतील कोणाला? त्यांच्या गैरहजेरीत शेजारचा पैसे घेऊन जाईल.” तरीही इतक्या वर्षांनी तिकडे कार्ड एक झालं आणि भाडी वेगवेगळीच राहिली, हेही त्यानेच सांगितलं. तिकडचं सगळं आदर्श आहे असं मला म्हणायचं नाही.

आपल्याकडे कायद्यात तरतूद नाही असंही नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने महानगर नियोजन समिती सांगितली, आणि तिचे किमान दोन-तृतीयांश सदस्य नगरसेवक आणि पंचायतींचे अध्यक्ष यांच्यातून निवडलेले असावेत असंही सांगितलं. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने मोठ्या शहरांसाठी एकात्मिक वाहतूक प्राधिकरण सुचवलं. त्यानुसार २००८ मध्ये मुंबईसाठी तसं प्राधिकरण मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली शासन निर्णयाने स्थापन झालं. शासन निर्णयाने बैठक बोलावता येते. ना त्याच्या हाती कायद्याचं बळ, ना तिजोरीची किल्ली. पुण्यात पीएमटी आणि पीसीएमटी मिळून २००७ मध्ये पीएमपीएमएल झाली, दोन महापालिकांचा वाटा ६० आणि ४० टक्के. संस्था एक झाली, पण तूट भरायची वेळ आली की फाइल दोन घरांत फिरते.

आणि नगरसेवक. आमच्या धंद्यात नगरसेवकाला अडथळा समजायची फॅशन आहे. मी त्या मताशी सहमत नाही. कोणत्या गल्लीतून शाळेची मुलं जातात, कुठला नाला भरती आली की तुंबतो, कोणता दुकानदार कोर्टात जाईल, हे मला सर्वेक्षणाने कधी सांगितलं नाही, नगरसेवकांनी सांगितलं. २०२२ नंतर कित्येक वर्षं मुंबईसह अनेक महापालिकांत प्रशासक होते. फाइली भराभर हलायच्या, एका सहीत काम. मग जेसीबी जागेवर पोचला की तिथे माणसं उभी. जे महासभेत तासाभराच्या आरडाओरड्यात मोकळं झालं असतं, ते रस्त्यावर मोकळं व्हायचं, आणि तेही पोलीस बंदोबस्तात.

मला विचाराल तर प्रादेशिक संस्थेने बांधायचं थांबवावं. बांधायला इतर पुष्कळ आहेत. तिने पैशाची यादी धरावी, यादीत येणाऱ्या प्रत्येक कामाला देखभालीचा मालक आधी मागावा, आणि मत द्यायला महापौरांना बसवावं. जे साहेब ‘हो’ म्हणू शकतात, ते स्वतः आले तर निम्म्या बैठकांची गरजच उरणार नाही.

तोवर वाचकांना एक काम सुचवतो. तुमच्या स्टेशनबाहेरचा पूल, स्कायवॉक, भुयारी मार्ग, जे काही असेल, त्याबद्दल माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मागा: हस्तांतराच्या पत्राची प्रत, शेवटच्या संरचनात्मक तपासणीचा अहवाल, आणि वीजमीटर कोणाच्या नावावर आहे. ती वास्तू कोणाची हे तुम्हाला माहीत नसलं तरी अडत नाही. अर्ज चुकीच्या खात्याकडे गेला तर त्यांनी तो पाच दिवसांत योग्य खात्याकडे पाठवायचा असतो, तसं कायद्यातच लिहिलं आहे. फी दहा रुपये.